सुतकात ड्रायव्हर बसवावा की नाही

अण्णा कॅनडात वारले आणि त्यांचं सुतक हरिहरेश्वराच्या अलीकडच्या एका वाडीत लागलं.

तिकडे अण्णांचा मुलगा अजेय होता. त्याला ऑफिसने मोजकी रजा दिली होती, आणि सुतक कसं पाळतात हे त्याला कधी कोणी शिकवलेलं नव्हतं. तेव्हा दोन्ही देशांचं मिळून सगळं सुतक तात्यांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, एकट्याने अंगावर घेतलं. ते अनवाणी हिंडू लागले. गादी सोडून चटईवर आले. दाढीला हात लावीनात, देवांना हात लावीनात. शेजारच्या किशोरीवहिनी सकाळी येऊन देवांना पाणी घालून जात आणि जाताना आमटीभाताचं पातेलं ठेवून जात. अंगणात सुपारी वाळत पडली होती. तिला सुतक कळत नाही, म्हणून तिला उलथापालथ करायचं काम तेवढं गोदूआजीकडे, तात्यांच्या बायकोकडे, चालू होतं.

"अण्णाने मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं," तात्या म्हणत. "त्याच्यासाठी मला दहा दिवस चटईवर निजता येत नाही?"

यावर कोणी काही बोलावं असं नव्हतंच. अडलं होतं ते कॉम्प्युटरपाशी.

दोघा भावांची दर रविवारी भेट व्हायची ती या कॉम्प्युटरवर. माजघरात खिडकीशी तो ठेवलेला. डब्यावर दसऱ्याच्या पूजेचं गंध अजून होतं, आणि स्क्रीन एवढा मोठा की पाहुणे त्याला आधी टीव्ही समजत. मोठा घ्यायचं कारण तात्यांचे डोळे. नजरेच्या बरोब्बर मधोमध डाग पडलेला. समोरचं दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे. एखाद्याचं नाक बघायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. फोनवरचा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी तांदळाचा दाणा. मोठ्या स्क्रीनवर मात्र मान तिरकी करत गेलं की अण्णा हप्त्याहप्त्याने दिसायचे. आधी टक्कल, मग चष्मा, मग हनुवटी.

"तू माझ्याकडे कधी बघतच नाहीस," अण्णा एकदा म्हणाले होते. "सदानकदा आपला भिंतीकडे."

"भिंतीकडे बघतो तेव्हाच तू दिसतोस," तात्या म्हणाले होते.

मग एका सकाळी कॉम्प्युटरने विचारलं, वायफायचा नवा ड्रायव्हर आला आहे, अपडेट करू का? गोदूआजी निवृत्त शिक्षिका. तिने ते खड्या आवाजात वाचून दाखवलं. तात्या हो म्हणाले. आपल्याच घरात बसून कोणी इतक्या अदबीने काही विचारतंय, तर त्याला नाही कसं म्हणायचं? कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, आणि वायफाय गेलं ते गेलंच. तळा गावचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." त्याला सर्दी झाली असं सांगितलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. येतो म्हणाला आणि आला नाही. रविवार आला. फोनवर बोलता आलं असतं. पण तात्या म्हणाले, दुरुस्त होईलच की, बघूनच बोलू. तो रविवार गेला, पुढचाही गेला. त्याच्या पुढच्याच्या आत अण्णा गेले.

"मी हो म्हटलं," एवढंच तात्या त्यावर बोलले, आणि तेही एकदाच.

आता सलिल. हा तात्यांचा नातू. न्हावा शेव्याला एका ऑफिसात कंटेनरचे कागद कॉम्प्युटरवर भरतो. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं याच्याशी त्याचा संबंध, एसटीत बसणाऱ्याचा इंजिनाशी असतो तेवढाच. पण वाडीत असला बारीक फरक कोणी करत नाही. अजेयने कळवलं होतं की अंत्यसंस्कार आज, तिकडच्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे दिवे लागून गेल्यावर. लिंक पाठवतो, तात्याकाकांना दिसेल असं बघा. ते बघायला सलिल मोटारसायकल मारत आला होता आणि जेवणवेळेपासून कॉम्प्युटरपुढे, आजारी जनावरापुढे बसावं तसा बसला होता.

पहिला उपाय सोपा होता. राउटर दोन घरांत मिळून एकच, आणि तो किशोरीवहिनींच्या पडवीत. कॉम्प्युटर उचलायचा, त्यांच्याकडे न्यायचा, वायर लावायची.

"सुतकात दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय टाकत नाहीत," तात्या म्हणाले.

"मला चालतंय हो तात्या!" किशोरीवहिनी दगडी गडग्यापलीकडून ओरडल्या. त्या घरात बसून या घरातलं सगळं ऐकायच्या.

"मला चालत नाही," तात्या म्हणाले, आणि पहिला उपाय संपला.

वायफाय इथवर येत नव्हतं असं नाही. सलिलच्या फोनला मिळत होतं. हवेत काही आहे हे फक्त कॉम्प्युटरला कळत नव्हतं. त्याच्या दृष्टीने वायफायचा तुकडा त्याच्या अंगात असून नसल्यासारखा होता. सलिलने फोनवर शोधशोध करून त्या तुकड्याचा सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवून घेतला, किल्ल्यांना अडकवलेल्या पेनड्राइव्हवर घातला आणि पेनड्राइव्ह डब्यात खुपसायला हात पुढे केला.

"थांब," तात्या म्हणाले. "काय आहे ते?"

"ड्रायव्हर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे…" सलिलने डोकं खाजवलं. "कॉम्प्युटरला वायफायची भाषा येत नाही, वायफायला कॉम्प्युटरची येत नाही. ड्रायव्हर दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडे सांगतो."

"मध्यस्थ," गोदूआजी म्हणाली. "आमच्या लग्नात होता तसला. तेव्हा बदलायची सोय नव्हती."

"नवा आहे?" तात्यांनी विचारलं.

"अगदी नवा. गेल्याच महिन्यातला."

तात्यांनी मान हलवली. "सुतकात नवं काही घरात आणायचं नसतं."

सलिलने आजीकडे बघितलं. आजीने सुपारीकडे बघितलं. तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली आणि उपाध्ये गुरुजी आले.

गुरुजी दहाव्याचं ठरवायला आले होते. हरिहरेश्वराला देशावरची माणसं आपापली माणसं घेऊन येतात, अस्थींच्या रूपाने. गुरुजींचा दिवस त्यातच जातो. ज्यांना येणं जमत नाही त्यांना ते व्हिडिओवर संकल्प सोडायला लावतात. त्यामुळे त्यांना धर्मही परका नव्हता आणि वायफायही. त्यांनी ओटीवर बसून पाणी घेतलं, सगळं प्रकरण ऐकलं, आणि दवंडी न पिटता न्यायासनावर बसले.

"विकतचा आहे का हा ड्रायव्हर?"

"फुकट मिळतो," सलिल म्हणाला.

"फुकट असला तरी वस्तू ती वस्तू."

"वस्तू नाहीये ती, गुरुजी. दिसत नाही. वजन नाही. हातात धरता येत नाही."

"अण्णाही आता तसेच आहेत," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आणि हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय."

मग सलिलने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. "नवा म्हणजे अगदी नवा नाही तसा. अपडेट आहे. जुन्याचाच पुढचा."

"जुना राहतो का मग?"

"नाही. जुना उठतो. नवा त्याच्या जागी बसतो."

"नाव?"

"तेच."

"अधिकार?"

"सगळे तेच."

गुरुजींनी डोळे मिटले. अंगणात सुपारीवर कोंबडी फिरत होती, तिला आजीने हाकललं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, "हे दत्तकविधान झालं. सुतकात दत्तक घेत नाहीत."

"अहो गुरुजी," गोदूआजी काठी टेकत पायरीशी आली, "सुतकात चूल विझली तर पेटवायची की नाही?"

"पेटवायची की, काकू."

"मग?"

"चूल तीच असते. विझली म्हणून दुसरी चूल आणत नाहीत." एवढं बोलून गुरुजी तात्यांकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. "हे बघा तात्या, मी आडवा येत नाही. भावाचं अंत्यदर्शन आहे. आपद्धर्म म्हणून करा. दहाव्याला लहानसं प्रायश्चित्त सांगतो, त्यात सगळं निभावेल."

सलिलने पेनड्राइव्ह पुन्हा उचलला.

"नको," तात्या म्हणाले.

"तात्या, गुरुजी स्वतः म्हणतायत…"

"म्हणतायत, ते त्यांचा चांगुलपणा. पण मोडायचं आणि मग सांधायचं, हे नको. तिकडे त्याचं कोणी काही पाळणार नाही. पोरं वाईट नाहीत, त्यांना माहीत नाही. त्याच्यासाठी जगात एवढ्या एका घरात सुतक आहे. ते सबंध राहू दे."

"मग अण्णाआजोबा दिसणार नाहीत."

"नाही दिसला तर नाही दिसला," तात्या म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सलिलला वाटलं ते रागावले. मग लक्षात आलं, भिंतीकडे तोंड केल्यावर त्यांना दारातून माजघरातला काळा स्क्रीन दिसतो.

दिवस उतरणीला लागला होता. गुरुजी गेले नाहीत. कुठल्या घरातून कधी उठायचं नाही हे त्यांच्या धंद्यात शिकावं लागतं. सलिलला हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून माजघरात जाऊन त्याने ते कीबोर्डवर ठेवले. डिव्हाइस मॅनेजर उघडला. वायफायच्या नावावर पिवळं चिन्ह होतं, दुपारी होतं तसंच. उगाच त्यावर दोनदा टिचकी मारली. ड्रायव्हरचं पान उघडलं. त्यावर एकाखाली एक बटणं होती: अपडेट करा, बंद करा, काढून टाका. आणि अपडेटच्या खालीच एक, ज्याच्याकडे आजवर त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रोल बॅक ड्रायव्हर.

दाबायच्या आधी तो उठून ओटीवर आला. आता या घरात विचारल्याशिवाय काही दाबायचं नाही, एवढं त्याला कळलं होतं.

"गुरुजी, नवा नाही आणायचा. जो नवा आलाय त्यालाच उठवायचं आणि आधीचा होता तो परत बसवायचा. असं चालतं का?"

गुरुजी ताठ बसले. "आधीचा आहे कुठे?"

"इथेच. कॉम्प्युटरच्या आतच कुठेतरी ठेवलेला असतो."

"घर सोडून गेला नव्हता?"

"नाही."

"त्याचे दिवस घातले होते का?"

"कोणाचे?"

"जुन्या ड्रायव्हरचे. विचारून घेतलेलं बरं. ज्याचे दिवस घातले आणि तो मागाहून जिवंत परत आला, त्याचं बारशापासून सगळं नव्याने करावं लागतं. ते सुतकात जमणार नाही."

"नाही घातले, गुरुजी."

"मग काही प्रश्नच नाही," गुरुजी म्हणाले. "आपल्या घरचा माणूस आपल्या घरी येतोय. येऊ दे त्याला."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "जुना आहे ना? मग चालेल."

सगळे माजघरात आले. गुरुजी मागे हात बांधून उभे राहिले, आजी दाराच्या चौकटीला टेकली, आणि किशोरीवहिनी खिडकीबाहेर आल्या. उंबऱ्याबाहेर असल्यामुळे त्यांचं येणं कशातच मोडत नव्हतं. सलिलने बटण दाबलं. कॉम्प्युटरने लगेच काम केलं नाही. त्याने एक चौकट काढली.

"काय म्हणतोय?" तात्यांनी विचारलं.

"विचारतोय, परत का जायचंय?"

"सांग, भाऊ गेला."

सलिलने चौकट वरून खाली वाचली. आधीचा जास्त भरवशाचा होता, आधीचा जास्त वेगाने चालायचा, अशी बरीच कारणं तिथे छापलेली होती. भाऊ गेला हे नव्हतं. तळाशी 'अन्य कारण' होतं, तिथे त्याने टिचकी मारली.

पांढरी पट्टी हळूहळू भरू लागली. तात्या वाकून म्हणाले, "मागे म्हणजे किती मागे जातं रे हे?"

"अपडेट केलं त्याच्या आधी."

"म्हणजे त्या आधल्या रविवारी?"

सलिलने पट्टीवरून नजर काढली नाही.

"फक्त वायफायचं, तात्या."

"हां," तात्या म्हणाले. "फक्त वायफायचं."

कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला. कोपऱ्यात वायफायची खूण उमटली. किशोरीवहिनी खिडकीबाहेरून म्हणाल्या, "हाय ना! आलं ना!" आणि मग आपण कुठल्या घरासमोर उभ्या आहोत ते आठवून त्यांनी तोंडावर पदर धरला.

दिवे लागून गेल्यावर सलिलने लिंक उघडली. स्क्रीनभर एक लांबट हॉल आला. खिडक्यांबाहेर बर्फ, आत काळ्या कोटांतली माणसं, मधे उघडी पेटी. अजेय जवळ आला, इतका की त्याचंच नाक मोठं झालं.

"काका, दिसतंय का?"

"दिसतोयस," तात्या म्हणाले. ते खुर्चीवर बसले नाहीत. खाली चटई ओढून बसले, स्क्रीन डोक्याच्या वर आला तरी.

अजेय म्हणाला, इथे कोणाला मंत्र येत नाहीत. गुरुजींनी घसा साफ करून इथूनच म्हटले. ते तिथे पोचायला वेळ लागत होता. इथे मंत्र संपून गुरुजींनी हात जोडले, आणि मग तिथल्या लोकांनी माना खाली घातल्या.

"काका, आता बटण दाबायचंय," अजेय म्हणाला. "त्याच्या आधी तुम्हाला काही बोलायचं असेल तर…"

तात्या सरसावून बसले.

"अण्णा," ते म्हणाले, "मागल्या रविवारचं राहिलं. त्याच्या मागल्याचंही. तेवढं सांगतो. सुपारी यंदा बरी आहे. बारीक आहे, पण कीड नाही. वानरांनी पाणंदीकडचे नारळ सगळे पाडले. भिकूला राखणीला ठेवला होता, तर तो म्हणतो, वानरांची आणि त्याची ओळख झालीय, आता दगड मारायला बरं नाही वाटत. गोदूचा गुडघा तसाच. ती सांगू नका म्हणते, पण आता तुला काय."

"सांगा, सांगा," आजी दारातून म्हणाली आणि डोळे पुसले.

"विहिरीत पाणी आहे. सलिल आलाय. बारीक झालाय." तात्या थांबले. मग हळू म्हणाले, "आणि ती तुझी विहिरीकडची पोफळ. तू दर वेळी विचारायचास आणि मी आहे म्हणायचो. ती गेल्या वादळातच पडली. तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

तिकडे काळ्या कोटातला एक उंच गोरा माणूस अजेयपाशी येऊन काही कुजबुजला. पुढच्या कुणाची वेळ झाली असावी. अजेयने त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. गोरा माणूस मागे सरला. हॉलमधल्या कितीतरी जणांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तेही उभे होते; वानरांचं ऐकलं तसंच पोफळीचंही ऐकत होते.

"तिथे नवी लावलीय," तात्या म्हणाले. "जगेलसं वाटतंय. बस, एवढंच होतं. झालं रे अजेय. दाब आता."

अजेयने दाबलं.

पेटी सरकत गेली, दार लागलं, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर नुसता हॉल उरला. मग तोही गेला.

"पाहिलं म्हणजे आंघोळ आली," गुरुजी म्हणाले. "लांबून पाहिलं काय, जवळून काय."

सगळे विहिरीवर गेले. किशोरीवहिनींनी गडग्यापलीकडून बॅटरी धरली. तात्यांनी दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या आणि ओल्या धोतराने तसेच उभे राहिले. थंडीने त्यांची हनुवटी हलत होती.

"सलिल," ते म्हणाले, "कसा दिसत होता रे अण्णा? मला कपाळ सापडलं होतं. खाली यायच्या आत बोलायला लागलो, आणि मग मान तिरकी करायची राहूनच गेली."

सलिलने रहाटाचा दोर हातात धरला होता. एखादा चांगला नातू इथे म्हणाला असता, शांत दिसत होते. झोपल्यासारखे. त्याने ते तोंडाशी आणलंही.

"मी बघितलंच नाही, तात्या," तो म्हणाला. "मी कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेकडे बघत होतो. सगळा वेळ. ती सारखी कमी होत होती. मला वाटलं, मी नजर काढली की जाईल."

पाणी तात्यांच्या कोपरांवरून टपटपत राहिलं.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "कोणीतरी तिकडे बघायलाच हवं होतं."

"मी बघितलं," गोदूआजी म्हणाली. "दाढी नीट केली होती. चष्मा तेवढा काढून ठेवला होता."

"चष्मा काढला?" तात्या एकदम अस्वस्थ झाले. "चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नाही." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण ऐकू तरी गेलं असेल ना रे त्याला?"

"गेलं," सलिल म्हणाला. "आवाजाचीही एक खूण असते, तात्या. हिरवी. तुम्ही बोलायला लागलात तेव्हापासून झालं म्हणालात तोवर ती एकदाही विझली नाही. तीही मी बघत होतो."

तात्यांनी मान डोलावली. मग रिकामी बादली त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घे. आंघोळ कर."